नव्या गिटारीला पॉलिश पेपर

शनिवारी सकाळची शाळा असते. आंधळगावला मी शिकवते, तिथून स्कूटीने दुपारी कारध्याला घरी पोहोचले, तर पुढचं दार आतून बंद. नवरा त्या वेळी भंडाऱ्याला दुकानात असायला हवा होता. पूल ओलांडला की बाजारात आमचं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान आहे, आणि शनिवारी तिथे मान वर करायला फुरसत नसते. हाका मारल्या, कुणी ओ देईना. म्हणून घराला वळसा घालून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात शिरले आणि तिथेच थांबले.

नवरा जमिनीवर बसला होता. अंगात बनियन. दोन्ही हात, बनियन, मिशासुद्धा लाल. मला वाटलं रक्तच. मी ओरडले असणार, कारण शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं वो?" असं विचारलेलं आठवतं.

"काही नाई, काही नाई," तो गडबडून म्हणाला. मग त्याच्या मांडीवरची वस्तू मला दिसली. पोत्याच्या तुकड्यावर एक लालभडक इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवलेली होती. नवी कोरी. खोका बाजूलाच पडला होता, त्यातला थर्माकोल कोंबड्या टोचत होत्या. आणि हा माणूस हातात पॉलिश पेपर घेऊन त्या गिटारीचा चकचकीत रंग घासून काढत होता.

"अवो, काय करून राहिले तुमी?"

"जुनी करून राहिलो."

"कायले?"

त्याने दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा उचलला, हातभर उंचीवरून गिटारीवर टाकला आणि वाकून खड्डा पाहिला. मनासारखा पडला नसावा. पुन्हा टाकला. तो आवाज माझ्या छातीत बसला. आमच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. या माणसाने नव्या बादलीचं स्टिकरसुद्धा कधी काढलेलं नाही, स्टीलची ताटं पाहुण्यांसाठी कागदात गुंडाळून ठेवणारा माणूस हा. तो नवी वस्तू फोडत बसलाय हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर गॅसवरच्या पातेल्यात काळाकुट्ट चहा, आणि त्यात गिटारीची पांढरी प्लास्टिकची पट्टी बुडवून ठेवलेली. पिवळी पडावी म्हणून. हात धुवायला मोरीत गेले, तर झाकणाच्या डब्यात तारा ताणायच्या खुंट्या आणि स्क्रू, आणि डब्याच्या तळाशी एका वाटीत बाथरूम धुवायचं ॲसिड. झाकण उघडलं तशी ती वाफ नाकात गेली आणि मी खोकत बाहेर आले. चमकदार खुंट्यांवर एका रात्रीत गंज चढवायचा होता त्याला.

"पागल झाले का तुमी?" मी विचारलं. खरंच विचारलं. त्या क्षणी मला भीती वाटत होती.

तेव्हा त्याने हात पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर जुन्या छापील फोटोचा फोटो होता. कॉलेजात असताना त्याचा आणि त्याच्या मित्रांचा ऑर्केस्ट्रा होता, हे मला माहीत होतं. गणपतीत, लग्नात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत वाजवत फिरायचे. फोटोत हा मागे ढोलकीवर, तेव्हा मिशी नव्हती. पुढे त्याचा जिवाभावाचा दोस्त, गळ्यात लाल गिटार. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. गिटारीच्या कडेचा रंग उडालेला, खाली टवका गेलेला, जिथे कोपर टेकतं तिथे लाकूड उघडं पडलेलं.

"ही त्याची गिटार," नवरा म्हणाला. "पुण्याले नोकरीवर गेला तवा मायाजवळ ठेवून गेला होता. सांभाळ म्हणे."

"मंग कुठं आहे ते?"

"पुरात गेली."

वैनगंगेचं पाणी घरात शिरलं ते वर्ष कारध्यात कुणी विसरलेलं नाही. आम्ही भंडाऱ्याला माझ्या भावाकडे जाऊन राहिलो होतो. परत आलो तेव्हा खिडकीपर्यंत गाळाची रेघ होती. मी पुढच्या खोलीतला गाळ फावड्याने ओढत होते, मागच्या खोलीतून तो काय काय उचलून नेत होता ते मी पाहिलंही नाही. पलंगाखाली एक लांब पेटी असायची, ती गिटारीची होती हे मला आत्ता कळलं. तो सांगत होता, पेटी उघडली तर आत चिखल भरलेला, लाकडाचे थर फुगून सुटलेले, दांडी हातात आली. ओल्या गाद्यांबरोबर त्याने ती नदीकाठी नेऊन टाकली. त्याच आठवड्यात दोस्ताचा फोन आला. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, सगळं विचारलं आणि शेवटी हसत म्हणाला, "अन् माही गिटार?"

"मी म्हणलं, वाचली," नवरा म्हणाला. "तोंडातून निंगून गेलं. मंग वापस कसं घेऊ?"

आता तो दोस्त येणार होता. लाखांदूरला त्याच्या पुतणीचं लग्न होतं, त्याआधी एक दिवस आमच्याकडे जेवायला. फोनवर म्हणाला होता, माही गिटारही पाहून घेतो.

मी मटकन ओट्यावर बसले. गिटारीपेक्षा मला 'वाचली' या त्याच्या एका शब्दाचा धक्का बसला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला, माझ्या बारीकसारीक गोष्टी ऐकून घेतल्या, आणि हे पोटात ठेवून होता. मी म्हटलं, सरळ सांगून टाका. पूर आला, सगळ्यांचंच गेलं, तो काय खाऊन टाकणार आहे का? तो मान हलवत राहिला. "त्यानं माया भरोशावर ठेवली होती," एवढंच म्हणाला.

पुढचे काही दिवस सांदवाडीत हेच चाललं. दांडीच्या पांढऱ्या लाकडाला तो बुटाचं पॉलिश चोळायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा चोळायचा. फोटोत दिसणारा प्रत्येक टवका त्याने खडूने आखून घेतला आणि स्क्रू ड्रायव्हरने उडवला. खुंट्या खरंच गंजल्या. सगळं जोडून त्याने गिटार माझ्यासमोर धरली तेव्हा मला पुन्हा धक्का बसला. फोटोतली गिटार बाहेर आली होती. मला ठाऊक असूनही ती नवी आहे यावर माझा विश्वास बसेना.

दोस्त आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण हसणं फोटोतलंच. "काय बे!" म्हणत त्याने नवऱ्याला मिठीच मारली. मला म्हणाला, "वहिनी, यानं तुम्हाले ढोलकी वाजवून दाखवली का कधी?" चहा झाला. नवऱ्याने कप दोनदा बशीत आपटला. मग उठून आतून गिटार आणली आणि काही न बोलता दोस्ताच्या मांडीवर ठेवली.

दोस्ताने ती पाहिली. उलटी केली, सुलटी केली.

"ही कोणाची?"

"कोणाची म्हणजे? तुही."

"माही तर निळी होती न बे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातलं उलथणं तसंच राहिलं. नवऱ्याचा चेहरा असा झाला, की मला हसू यावं की रडू, कळेना. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. माझा नवरा चिडला! ज्या गिटारीचा कणन् कण खोटा होता, तिच्यासाठी तो तावातावाने भांडायला लागला.

"निळी कुठली? लाल! लालच होती! मी मागं बसून रोज पाहत होतो!"

"निळी होती, बावा. मले साफ आठवते."

"काय आठवते तुले?" म्हणत त्याने कपाटातून मूळ फोटो काढला आणि टेबलावर आपटला.

दोस्ताने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "लालच होती बे," तो हळूच म्हणाला. "मी तर इसरूनच गेलो." मग त्याने गिटार पुन्हा जवळ घेतली आणि एका टवक्यावर बोट ठेवलं. "हे ट्रकवरून उतरताना पडली होती तवाचं. न?" दोस्ताचं बोट पुढे सरकलं. "अन् हे कोपर घासून घासून. उन्हाळाभर पोग्राम होते आपले." चष्मा काढून त्याने डोळे पुसले. नवऱ्याने फोटो पाहून जिथे पॉलिश पेपर मारला होता, त्या जागेवर तो माणूस तळहात फिरवत होता आणि रडत होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

"ही तुही नाई," तो म्हणाला.

"आँ?"

"तुही पुरात गेली. ही मी नवी आणली. मी घासली, मी खराब केली. तुले खोटं सांगतलं होतं मी."

दोस्ताने गिटार मांडीवरून उचलून दिवाणावर ठेवली, अगदी जपून, आणि उभा राहिला. मला वाटलं, हसेल, पाठीवर थाप मारेल. तो म्हणाला, "एका गिटारीसाठी मी तुले काही म्हटलं असतं, असं वाटलं तुले? एवढा परका केला मले?" आणि चपला घालून निघाला. मी मागे धावले. "भाऊजी, जेवून तरी जा." "मंग येतो वहिनी," म्हणाला, पण मागे वळला नाही. गाडी पुलाकडे गेली. भरलेलं ताट मी झाकून ठेवलं. नवरा त्या दिवशी जेवला नाही, आणि मीही त्याला आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. तो म्हणाला, मी नाही येत, काय तोंड दाखवू. मी म्हटलं, पत्रिका दोघांच्या नावाने आहे. आणि गिटार पिशवीत घालून मीच खांद्याला अडकवली. माझ्या आयुष्यात मी हार्मोनियमलासुद्धा हात लावलेला नाही. लाखांदूरच्या एसटीत कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम, पोग्राम आहे का?" मी म्हटलं, "पाहू." वाटेत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या होत्या, नवरा त्यांच्याकडेच बघत बसला होता.

मांडवात दोस्त पाहुण्यांच्या पंगतीत वाढत होता. आम्हाला पाहिलं, थबकला, मग हातातलं भांडं दुसऱ्याला देऊन आला. माझ्या खांद्यावरची पिशवी त्याने पाहिली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल. तो नवऱ्याला म्हणाला, "जेवले का?"

"नाई."

"काल पण उपाशीच राहिला असशीन."

नवऱ्याने मान हलवली. दोस्ताने त्याचा दंड धरला आणि पंगतीत नेऊन बसवलं, स्वतः शेजारी बसला. माझ्यासाठी बायकांच्या पंगतीत जागा झाली, त्यामुळे ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण मध्येच दोघं इतके मोठ्याने हसले की नवरदेवाकडची माणसं वळून पाहू लागली.

जेवणं आटोपल्यावर डीजेवाल्याच्या मशीनला वायर जोडून दोस्ताने गिटार वाजवली. धड नाही वाजली. बोटं अडखळत होती, सूर घसरत होता. नवऱ्याने कुणाची तरी ढोलकी मागून घेतली. मी त्याला वाजवताना पहिल्यांदाच पाहत होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला, चेहऱ्यावर असं काही, जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. बाजूची बाई म्हणाली, "तुमचेच मिस्टर न ते?" मला हो म्हणायला वेळ लागला.

निघताना दोस्ताने गिटार आपल्या गाडीत ठेवली. विचारलं नाही, कुणी दिली नाही. "चाल, मी नेतो," एवढंच.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. नवरा हलका झाला होता, लाडू चांगले होते की नाही यावर बोलत होता. मी मध्येच विचारलं, "अवो, अजून काही आहे का असं पोटात ठेवलेलं?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. एक गाव गेलं, दुसरं आलं.

"आठवून सांगतो," तो म्हणाला.