ऑक्सिजनमधला धूर
परवा कुठूनतरी जळत्या धसकटांचा वास आला आणि मला लाखनीजवळचा तो ऑक्सिजनचा कारखाना आठवला. तिथल्या प्रयोगशाळेत मी नवाच होतो. ऑक्सिजनमध्ये हायड्रोकार्बन जरा वाढले तरी स्फोटाची भीती, म्हणून दर पाळीला क्रोमॅटोग्राफ या वायूतले घटक दाखवणाऱ्या यंत्रावर नमुना तपासायचा. त्याच्या कागदावर उमटणारी रेघ सपाट यायला हवी, पण त्या दुपारी तिच्यावर उंचवटा आला. मी नळी साफ केली, नमुना पुन्हा घेतला, तरी तो हटेना. वयस्क केमिस्टबाईंनी कागद पाहिला आणि सरळ खिडकी उघडली. "मशीनले काहून दोष देऊन राहिला? बाहेर पाह्य. कोणीतरी धानाची बांधी जाळून राहिला." ऑक्सिजन काढायला कारखाना ज्या बाजूची हवा ओढायचा, त्या बाजूला आमचंच शेत होतं. मी बाबांना फोन लावला. "हो, धसकटं जाळून राहिलो," ते चकित झाले, "पण तुले तिथून कसं दिसलं?" मी कारण सांगितल्यावर त्यांनी लगेच बादल्यांनी आग विझवली आणि संध्याकाळपर्यंत रेघ सपाट झाली. आता बाबा नाहीत आणि मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत आहे. इथे रेघ रोज सपाट येते, सगळे म्हणतात छान. मी मात्र कागदावर तेव्हा जिथे उंचवटा आला होता, ती जागा दोनदा पाहतो, बाबा कुठे दिसतात का.