खालच्या माणसाचा ‘हो’

धम्मानंदचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हमाली सुटून आठ वर्षं झाली होती, पण हे त्याच्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं. उठायचं, स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि बायको प्रेमलता उठेपर्यंत कपावर हात शेकत बसायचं. या वयातलं हे त्याचं सुख. त्या दिवशी मात्र चहा उभ्यानंच झाला. पारशिवनीची पहिली एसटी गाठायची होती.

हिवाळ्यातला हा एक दिवस ठरलेला असे. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात कापडाच्या गाठी वाहिलेले जुने सोबती पारशिवनीच्या पुढं नदीकाठी जायचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रांधायची, जेवून वाळूत पडून राहायचं. पहिल्या वर्षी सहा जण होते. यंदा धम्मानंद आणि गोविंदा, दोघेच उरले होते.

गोविंदा आधीच स्टँडवर येऊन बसला होता. स्वेटरची बटणं वरखाली लागली होती.

“काहून गा, घरचा आरसा फुटला का?”

“नात म्हणते, आजकाल अशीच फॅशन होय. तुले काय समजते?”

धम्मानंद हसला. मग त्याची नजर चहाच्या कपावर गेली. गोविंदा जन्माचा डावखुरा. आज कप उजव्या हातात होता. डावा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

त्यानं पाहिलं आणि विचारलं नाही.

हे त्यांच्यात नव्हतंच. बाजारात दोघांची जोडी तीस वर्षं टिकली. वरच्या मजल्यावरच्या गोदामांचे जिने अरुंद, गाठ माणसाहून जड. धम्मानंद वर, गोविंदा खाली. खालच्यावर सगळा भार. मधल्या गाठीमुळं एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नसे. म्हणून वरच्यानं पायरीगणिक ‘हो’ म्हणायचं आणि खालच्यानं ‘हो’ म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर जागेवर थांबायचं आणि ओझं टेकवायचं. दुखते का, असं मात्र कधीच विचारायचं नाही. मुकादमाच्या कानावर गेलं तर तो जोडी मोडायचा, आणि मोडलेल्या जोडीतल्या दुखऱ्या माणसाला पुन्हा कुणी घेत नसे. गाठी सुटल्या, मुकादम मेला, पण ही सवय सुटली नाही.

बस निघाली. बाहेर धुकं इतकं होतं की ड्रायव्हर मान पुढं काढून रस्ता शोधत होता. गोविंदा दर वर्षी वाटेतल्या प्रत्येक बाईकडं, बैलाकडं, पाटीकडं पाहून काहीतरी टोमणा मारायचा. आज तो खिडकीला डोकं टेकून गप्प होता.

उतरल्यावर त्यांनी पोतं दोघांत धरलं. पीठ, वांगी, भाजी रांधायचा गंज, वरून गोवऱ्या. एकट्याच्या पाठीवरही गेलं असतं, पण दोघांनी उचलायची रीत होती. गोविंदा पुढं उताराला, धम्मानंद मागं. नदीकडं उतरणारी वाट ओली होती.

“हो,” धम्मानंद म्हणाला.

“हो.”

“हो.”

उत्तर आलं, पण उशिरा. पुढच्या खेपेस त्याहून उशिरा. धम्मानंदनं पोतं टेकवलं.

“काय झालं गा?” पुढून गोविंदा म्हणाला. “थकला का म्हाताऱ्या?”

धम्मानंदला ते लागलं. त्यानं पोतं पुन्हा उचललं. तिथंच त्याचं चुकलं.

काठावर गोवऱ्या पेटल्या. धम्मानंदनं कणीक तिंबली, गोळे केले. गोविंदा डावा हात वाळूवर टाकून बसला होता. पाण्यावरून धूर सरकत होता. पलीकडच्या झाडीत एकही पाखरू ओरडत नव्हतं. एक निखारा ढिगातून घरंगळला आणि गोविंदाच्या बोटांना येऊन टेकला.

गोविंदा हलला नाही. वांग्यात तेल जास्त घाल, असं सांगत राहिला. आधी वास आला. मग धम्मानंदनं झडप घालून निखारा उडवला.

“गोविंदा, हात!”

गोविंदानं बोटांकडं पाहिलं. बोटं दुसऱ्याची असावीत तसं. “झोपला गा हात. सकाळपासून झोपूनच राहिला,” तो म्हणाला. शब्द जाड निघाले. ओठ एका बाजूनं उतरला होता.

तीस वर्षांत न विचारलेलं धम्मानंदनं तेव्हा विचारलं. “दुखते का?”

“नाही ना. तेच तर...”

पुढचं त्याला बोलता आलं नाही.

रोडगे निखाऱ्यात तसेच राहिले. धम्मानंदनं पाठ करून उकिडवी बैठक घेतली, गोविंदाचे हात खांद्यावरून ओढले, गळ्यातल्या दुपट्ट्यानं त्याला कमरेशी बांधलं. गाठ उचलताना जोर पाठीचा लावायचा नाही, मांडीचा लावायचा. तो उठला. सत्तरीतल्या गुडघ्यांनी आवाज केला. चढण निसरडी होती.

“हो,” तो म्हणाला.

“हो.” कानाशी, पुसट.

“हो.”

“हं.”

“हो.”

उत्तर आलं नाही.

नियम होता, ओझं टेकवायचं. धम्मानंद थांबला नाही. रस्ता येईपर्यंत तो पावलागणिक ‘हो’ म्हणत राहिला, उत्तराशिवाय.

कापसाच्या पिकअपनं त्यांना पारशिवनीत सोडलं. तिथल्या डॉक्टरनं एक नजर टाकली आणि थेट नागपूरला न्यायला सांगितलं. नागपुरात कळलं, मेंदूची नस बंद झाली होती. मांडीतून तार घालून ती उघडून पाहायची. आजच. शुद्धीवर येईल का, हे कुणी सांगत नव्हतं. आधी पैसे भरायचे होते. गोविंदाच्या मुलाचा फोन लागत नव्हता.

धम्मानंदकडं पैसे होते. हमालीतून राखलेले, नवरा-बायकोच्या बुद्धगयेच्या प्रवासासाठी. त्यानं प्रेमलताला फोन करून झालेलं सांगितलं, आकडा सांगितला.

“बुद्धगया कुठं पळून नाही चालली,” ती म्हणाली. “मी बँकेत चालली.”

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्स गोविंदाला कुशीवर वळवायला आली. धम्मानंदनं एक बाजू धरली. डावा हात लोंबत होता. नस उघडली होती, पण हात आता तसाच राहणार होता, हे डॉक्टर सांगून गेले होते. डोळे मिटलेले. या तीन दिवसांत गोविंदानं एक शब्द काढला नव्हता.

“हो,” धम्मानंद सवयीनं म्हणाला, आणि थांबला.

नर्स म्हणाली, “काका, वळवा ना.”

“थांब पोरी.”

नळीतून थेंब पडत होते. गोविंदाचा ओठ एका कडेनं हलला.

“हो.”

दोघांनी त्याला वळवलं. मग उशीतून वाकडातिकडा आवाज आला, “रोडगे?”

“कुत्र्यानं खाल्ले असन.”

“सगळे?”

“सगळे. तू झोपून राहिला ना.”

बुद्धगयेचे पैसे गेले ते त्या तारेला आणि दवाखान्यातल्या खिडकीजवळच्या लोखंडी पलंगाला.