पूजेला मांडलेले बूट

सदाशिव पेठेत मुलानं क्रिकेट खेळलेलं चालायचं, बुद्धिबळ खेळला तर कौतुकही व्हायचं. फुटबॉल मात्र खडकीकडच्या लोकांनी खेळायचा असतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. मी तो नुसता खेळत नव्हतो, त्यावर पोट भरत होतो, हे तर कुणाच्या पचनीच पडायचं नाही. शेजारचे काका जिन्यात भेटले की विचारत, "खेळ चालू आहे ना? छान. आणि काम काय करतोस?"

बाबांना कुणी माझ्याबद्दल विचारलं तर ते एका शब्दात उत्तर द्यायचे. "पळतो."

बाबांचा टायपिंगचा क्लास होता. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ओळीनं टाइपरायटर मांडलेले असत आणि दिवसभर त्यांची खडखड चालू असे. बाबांच्या हाताखालून निघालेली मुलंमुली कचेऱ्यांत, कोर्टात, बँकांत चिकटली होती. पोटचा मुलगा तेवढा कुठं चिकटत नव्हता. मी भोसरीच्या एका कंपनीच्या संघात डावा बॅक होतो. संघ जिल्हा लीगच्या खालच्या विभागातला. कंपनी हंगामापुरती नेमणूक द्यायची. सकाळी स्टोअरमध्ये माल मोजायचा, दुपारी विश्रांतवाडीच्या पलीकडच्या मैदानावर सराव करायचा. हंगाम संपला की घरी बसायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील का, या काळजीत उन्हाळा काढायचा. अशी माझी बरीच वर्षं गेली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. डाव्या बाजूनं चेंडू घेऊन निघालो की मला जगात काही कमी आहे असं वाटायचं नाही.

बूट एकच जोड होता. कॅम्पातून पारखून घेतलेला, पायाला मोज्यासारखा बसलेला. सरावाहून आलो की माती खरवडायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि जिन्याखाली ठेवायचे. घरात आणायला बाबांची मनाई होती.

हे सगळं दरवर्षी खंडेनवमीला बोचायचं. त्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या वस्तूची पूजा असते. बाबा पहाटे उठून एकेक टाइपरायटर तेलपाणी करून पुसायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे. पाटावर आईची कात्री आणि शिवणयंत्राची दाबपट्टी असायची. पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही, वापरायची तर नाहीच, हा बाबांचा दंडक. त्या दिवशी क्लास बंद असे आणि आई तुटलेलं बटणसुद्धा लावत नसे.

एका वर्षी आई दबकत म्हणाली, "अहो, त्याचे बूट पण ठेवूया का? पुसून ठेवते. त्याचंही काम तेच आहे."

बाबा माळ ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "पादुका पुजून घ्यायच्या असतील तर आधी संत व्हावं लागतं. त्याला सांग, तेवढं झालं की कळव."

आई हसली, मीही हसलो. पण रात्री जेवण गेलं नाही. मी कारकून व्हावं अशी बाबांची इच्छा होती, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला एवढंच हवं होतं की मी जे करतो ते काम आहे, असं त्यांनी एकदा मानावं. आईला ते कळत होतं. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमचा संघ वरच्या विभागाच्या उंबरठ्यावर होता. एक सामना जिंकायचा राहिला होता. वर गेलो तर खेळाडूंना नोकरीत कायम करू, असं कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. माझं वय खेळाडू म्हणून उतरणीला लागलेलं, त्यामुळे पुन्हा अशी संधी यायची नाही हे मला माहीत होतं. सामना नवमीच्या आधीच व्हायचा होता. परतीच्या पावसानं मैदानात तळं झालं आणि तो नवमीवर ढकलला गेला. घरी मी हे सांगितलं नाही. सांगून तरी काय, कुणी मैदानावर येणार थोडंच होतं.

नवमीला सकाळी आवरून जिन्याखाली गेलो तर बूट नव्हते. चोर आला आणि टाइपरायटर सोडून माझे बूट घेऊन गेला की काय, असं मनात येतंय तोवर वरून धुपाचा वास आला. पुढच्या खोलीत गेलो. पाटावर, आईच्या कात्रीशेजारी, माझे बूट होते. नुसते पुसलेले नव्हते. खिळ्यांमधली माती काडीनं कोरून काढलेली, नाड्या धुऊन पुन्हा ओवलेल्या. प्रत्येकाच्या नाकावर हळदकुंकू आणि एकेक झेंडू. बाबा पाटासमोर हात जोडून बसले होते.

मला पाहून म्हणाले, "विश्रांतवाडीची एक मुलगी क्लासला येते. तिचा भाऊ तुझ्याविरुद्ध खेळलाय म्हणे. तो सांगतो, तुझ्या बाजूनं जायची कुणाची टाप नसते." मग बुटावरचा झेंडू सरळ करत म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. पण म्हटलं, काम आहे तर पूजा हवी."

आई दाराआड पदर डोळ्यांना लावून उभी होती. बूट द्या, आज सामना आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाटावर मांडलेलं होतं, ते मीच कसं उचलणार? मी वाकून बाबांना नमस्कार केला आणि मित्राकडे जाऊन येतो म्हणून निघालो.

आमचे प्रशिक्षक विश्रांतवाडीचेच, शेतकरी घरातले. त्यांनी माझ्या हातात पिशवी नाही हे लांबूनच पाहिलं.

"बूट कुठं हायेत?"

"पूजेला लागलेत. बाबांनी मांडले."

मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण ते मान हलवून म्हणाले, "मग ते उचलायचं नाय. माझी शिट्टी बी देव्हाऱ्यातच हाय." आणि खरंच, त्या दिवशी ते तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होते.

राखीव खेळाडूचे बूट मिळाले. एक नंबर मोठे. आत कापूस कोंबला, वर दोन मोजे चढवले. पूर्वार्ध ठीक गेला. उत्तरार्धात एका वळणावर बुटाचे खिळे ओल्या मातीत रुतले, बूट तिथंच राहिला, आत पाऊल फिरलं आणि वर गुडघा भलतीकडेच गेला. काहीतरी तुटल्याचं मला आतून कळलं. आम्ही सामना जिंकलो, हे मला बाकावर झोपवल्यावर समजलं. बाकीचे कायम झाले. मला साहेब भेटायला आले, नारळपाणी घेऊन आले, चांगलं बोलले. ज्याला उभं राहता येत नाही त्याला खेळाडू म्हणून कायम कसं करणार?

दसऱ्याच्या सकाळी मी कॉटवर होतो, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. बाबांनी उत्तरपूजा केली, टाइपरायटरच्या माळा उतरवल्या आणि बूट उचलून माझ्याकडे आले. देता देता त्यांचा हात थांबला.

"हे तर इथं होते. मग काल तू काय घालून खेळलास?"

"होते दुसरे."

दुसरे नव्हते, हे त्यांना माहीत होतं. ते कॉटच्या कडेला बसले आणि बुटांवरचं कुंकू बोटानं पुसून काढलं. मग बूट जिन्याखाली न ठेवता त्यांनी कपाटात ठेवले.

पुढं मी नारायण पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानात लागलो. अजूनही जिना उतरताना कठडा धरावा लागतो. संगणक आले, क्लास ओस पडला, एकेक करून टाइपरायटर भंगारात गेले. एक तेवढा बाबांनी ठेवला. नवमीला त्याची पूजा मात्र चुकली नाही. पण पाटावर काहीही मांडण्याआधी बाबा मला हाक मारायचे आणि मी पुढं येईपर्यंत कुंकवाच्या करंड्याला हात लावायचे नाहीत.

"यातलं काही तुला आज लागणार आहे का रे?"

दुकानात वह्या विकणाऱ्या माणसाला टाइपरायटर कशाला लागणार, कात्री कशाला लागणार? तरी दरवर्षी विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं. पाट मी मांडला. टाइपरायटर पुसला, आईची कात्री ठेवली, कपाटातून बूट काढून शेजारी ठेवले. कुंकवात बोट बुडवतोय तेवढ्यात आतून त्यांनी बारीक आवाजात हाक मारली. मी जाऊन जवळ बसलो. त्यांनी तेच विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "आज काहीच लागणार नाही."