चौरंगावरचा यूपीएस

आमच्या घरातली विजेची उपकरणं आजवर टिकली ती केवळ माझ्यामुळे, असं एक मत आहे. ते माझं आहे.

नोकरीसाठी देवासला आलो त्याच पावसाळ्यात एकदा लाइट गेली, परत आली ती दुप्पट जोराने, आणि नवाकोरा टीव्ही धूर सोडून गेला. तेव्हापासून मी विजेवर विश्वास ठेवत नाही. फ्रिजला स्टॅबिलायझर, टीव्हीला स्पाइक गार्ड, कॉम्प्युटरला यूपीएस. शिवाय आभाळ गडगडलं की हातातला घास टाकून धावायचं आणि मेन स्विच खाली ओढायचा. (आमची ही अंधारातही पोळ्या गोल लाटते. सवय झाली आहे.)

गेल्या नवरात्रात आमच्या लेकीची, मुक्ताची, ऑनलाइन मुलाखत ठरली. शेवटची फेरी. नोकरी घरूनच करायची होती, म्हणजे मिळाली तर पोरगी देवासातच राहणार. नाही मिळाली तर पुण्याला मैत्रिणीने खोली बघूनच ठेवली होती. तिने जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि मला फार वाटायला लागलं की माझे हातपाय स्वस्थ राहत नाहीत. मुलाखत नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. कंपनीला खंडेनवमी ठाऊक नसावी.

धारच्या माझ्या काकांना ती पक्की ठाऊक असते. आमच्या घराण्यातलं कोणीतरी पूर्वी दरबारात होतं. त्याची तलवार चादरीत गुंडाळून काका दर वर्षी बसने आमच्याकडे येतात. (शेजारची सीट रिकामी मिळते म्हणतात.) खंडेनवमीला शस्त्रं पुजायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमचा कुळाचार.

त्या सकाळी चौरंगावर तलवार, अडकित्ता, विळी अशी मांडामांड झाली. काका म्हणाले, "दिलीप, तुझं शस्त्र कुठलं रे?"

आता मी कारखान्यात बसून कागदांवर सह्या करणारा माणूस. पण काकांसमोर पेन ठेवायची लाज वाटली. मी आत गेलो आणि यूपीएस उचलून आणला. "ही आमच्या घराची ढाल, काका." काका खूश झाले. मग मला जोरच चढला. मी घरातले तिन्ही मोबाइलही आणून मांडले. काकांनी सगळ्यांना गंध लावलं, अक्षता वाहिल्या, यूपीएसला झेंडूची माळ घातली.

तेवढ्यात मुक्ता न्हाऊन बाहेर आली.

"बाबा, यूपीएस किधर है?"

"चौरंगावर."

"आणि माझा मोबाइल?"

"तोही."

तिने काकांकडे पाहिलं. "काकाआजोबा, मी घेऊ?"

"पुजलेलं शस्त्र उद्यापर्यंत हलत नाही, बाळ," काका म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "पण ढाल हलवायची नसली, तरी ढालीमागे उभं राहायला शास्त्राची हरकत नाही."

म्हणून कॉम्प्युटरच चौरंगापाशी गेला. चौरंगाजवळ एक प्लग होता, त्यात यूपीएस लावला आणि यूपीएसवर कॉम्प्युटर. मुक्ता पाटावर बसली. पडद्यावर ती दिसत होती, आणि तिच्या खांद्यामागे तलवार. उदबत्तीचा धूर कॅमेऱ्यात येतोय असं वाटून मी सुपाने वारा घालायला गेलो, तर राख उडाली.

"बाबा, आज कुछ मत करो," मुक्ता म्हणाली. "फक्त बसा."

मी बसलो. उठलो. दारात उभा राहिलो. पुन्हा बसलो. मुलाखत छान चालली होती. शेवटी एका साहेबांनी इंग्रजीत विचारलं, घरी वीज आणि इंटरनेट भरवशाचं आहे ना? मुक्ता हसून म्हणाली, अगदी भरवशाचं आहे.

आणि डोक्यावर गडगडलं.

मी धावलो. असल्या वेळी माझे पाय मला विचारत नाहीत. मेन खाली ओढला आणि परत आलो, तर यूपीएस टीं टीं करत होता, पण कॉम्प्युटर चालू. "बघ, वाचला की नाही," मी कुजबुजलो.

पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून थिजले होते.

"बाबा," मुक्ता अगदी हळू म्हणाली, "मोडेम यूपीएसवर नाहीये."

खरंच नव्हता. घरातल्या प्रत्येक यंत्राला मी चिलखत घातलं होतं, आणि मोडेम बिचारा हॉलच्या भिंतीवर उघडाच.

"आधी मेन वर करा," ही म्हणाली.

"अगं, वीज कडाडतेय," म्हणत मी खिडकीतून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारली, "भिया, आपके यहाँ लाइट है क्या?"

"हाँ, है नी भिया," गच्चीवरून उत्तर आलं. "अपन तो टंकी सरका रिये थे. आवाज आई क्या?"

आभाळ निळंशार होतं. मी मेन वर केला. पण आमचा मोडेम आळशी आहे. उठवला तरी बराच वेळ नुसते डोळे मिचकावतो. मुक्ताचा चेहरा उतरला. मला पुण्याची ती खोली दिसायला लागली.

तेव्हा काकांनी बंडीच्या खिशातून आपला मोबाइल काढला. "घे बाळ, याचं नेट लाव."

"काका, हा नाही का पुजला?" मी विचारलं.

"हे शस्त्र नव्हे," काका म्हणाले. "हे व्यसन आहे. ते कोणी पुजतं का?"

काकांच्या व्यसनावर साहेब पुन्हा हलू लागले. "पावर कट?" त्यांनी विचारलं. मी दारातून मुक्ताला हात जोडून दाखवले.

"नो सर," मुक्ता म्हणाली. "लाइट नहीं गई. पापा ने बंद की."

पलीकडचे सगळे इतके हसले की एकाने चष्मा काढून डोळे पुसले. साहेब म्हणाले, "हमारे घर में भी एक हैं." त्यानंतर तलवारीचा विषय निघाला आणि काका न विचारता पाटावर येऊन बसले.

नोकरी मिळाली. मुक्ता देवासातच आहे. मी आनंदाने मोडेम यूपीएसवर लावला. पण खंडेनवमीच्या त्या संध्याकाळीच काकांनी उरलेलं कुंकू मेन स्विचला लावलं, त्याला पूजेतला लाल नाडा बांधला आणि म्हणाले, "याचीही पूजा झाली. आता हात लावायचा नाही."

दसऱ्याला सीमोल्लंघन करून, सोनं वाटून झाल्यावर मी नाडा सोडायला गेलो. काका म्हणाले, "बाकीच्यांचं झालं. या स्विचचं सीमोल्लंघन पुढच्या वर्षी."

परवा खरंच गडगडलं. मी घास टाकून धावलो, स्विचपाशी पोचलो, आणि नमस्कार करून परत आलो.