मोरगावचं राहिलेलं दर्शन

प्रिय मुक्ता आणि निनाद,

निनादची एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात निवड झाल्याचं कळलं, तेव्हा आनंदाच्या आधी मला भीती वाटली. मुक्ता, तूही व्यवस्थापन शिकताना असंच एक सत्र तिकडे गेली होतीस. त्या हिवाळ्यात इकडे माझ्या बाबतीत जे घडलं, ते मी तुम्हा दोघांनाही सांगितलेलं नाही. निनाद बंगळूरहून परस्पर निघण्याआधी ते लिहून ठेवते.

मुक्ता, तू जाण्यापूर्वी आपण अष्टविनायक केले. सुरुवात मोरगावला, आणि आठही गणपती झाले की पुन्हा मोरगावला. त्याशिवाय ती यात्रा पुरी होत नाही. पण तुझ्या विमानाची तारीख अलीकडे आली आणि ते शेवटचं दर्शन राहून गेलं. "आल्यावर करू गं आजी, तो काय पळून चाललाय?" असं म्हणालीस. मी हसले खरी, पण डब्याडब्यावर लेबल लावणारी बाई मी. अर्धवट राहिलेलं मला टोचत राहतं.

सुरुवातीला तू वर्गातल्या गमती सांगायचीस. एका गटात पाच देशांची मुलं, आणि एका काल्पनिक कंपनीचा तोटा कसा भरून काढायचा यावर तुमची भांडणं. मग तिकडचे दिवस आखूड होत गेले. दुपारीच अंधार पडतो म्हणालीस. कॅमेरा बंद ठेवून बोलू लागलीस. एकदा म्हणालीस, "मी इथे नसले तरी कुणाला कळणार नाही, आजी." आणि मग तुझा फोनच लागेना. तुझे आईबाबा पुण्याहून विद्यापीठाला मेल करत होते. तिथे सुट्ट्या होत्या. तुमचे आजोबा दाराजवळच्या खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांना तेव्हाच चालवत नव्हतं. आम्हा दोघांच्याही मनात एकच भीती होती.

मला वाटलं, निदान तुझ्या वाटचं दर्शन तरी मी उरकून यावं. पिशवीत दूर्वा घेतल्या आणि बारामतीहून मोरगावची एसटी पकडली. देवळाच्या पायऱ्यांशी दम खायला बसले. शेजारी माझ्याच वयाची, इंदापूरकडची एक बाई बसली होती. एकट्याच आलात का, असं तिने विचारलं. घरचं बाहेर न सांगणारी मी, सगळं सांगून मोकळी झाले.

तिने कपाळाला हात लावला. "शिकल्यासवरल्याल्या दिसताय की ओ बाई! दुसऱ्याच्या ताटातला शेवटचा घास आपुन खाल्ला तर त्याचं पोट भरतंय व्हय?"

"मग मी काय करू?"

"काय न्हाय करायचं. तिचं येणं हितं बाकी हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या. तुमीच मिटवून टाकलं, तर त्येनं तिला कशापायी बोलवावं?" मग गाभाऱ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली, "आन् समदं तुमीच केल्यावर, त्यो आत काय नुसता बसून ऱ्हाईल?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू कोसळलं. तिने पदराने माझा चेहरा पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

मी आत गेले नाही. तिथला नंदी बाहेर थांबून देवाकडे पाहत असतो. त्याच्यापुढे दूर्वा ठेवल्या. म्हटलं, देवा, ही पोर माझ्या हातात नाही, तुझ्या हाती ठेवते. ठरवलेलं काम न करता घरी परतण्याची माझी ती पहिलीच वेळ असेल. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सुकलेली ज्वारी होती, आणि मन अगदी रिकामं होतं.

घरी आले तर आजोबांच्या कानाला फोन होता. मला पाहून एवढंच म्हणाले, "मऊ भात खाल्ला म्हणते."

पुढे तूच सांगितलंस. समोरच्या खोलीतली मुलगी, जिचं नावही तुला धड ठाऊक नव्हतं, दार वाजवत राहिली. तू उघडेपर्यंत वाजवत राहिली. आत येऊन तिने काही विचारलं नाही. भात शिजवला आणि तुझा फोन चार्जिंगला लावला. तिने दार कधी वाजवलं आणि मी नंदीपाशी कधी उभी होते, हे ताडून पाहायचा मोह मला फार झाला. मी पाहिलं नाही. वेळा जुळल्या नसत्या, तरी माझी कृतज्ञता कमी झाली नसती.

दुःख तिथे संपलं नाही. तुझी औषधं बरेच दिवस चालली. सत्र पुरं करून आलीस, पण औषधं आणि परीक्षा यांत मोरगाव राहिलं, आणि शिक्षण संपवून तू नोकरीला तिकडेच गेलीस. आजोबा गेले तेव्हा आलीस, पण सुतकात देवळात कसं जाणार? तेराव्याला लागूनच तुझं विमान होतं. निनाद, तूही जा. कुणी दार वाजवलं तर उघड, आणि शेजारचं दार फार दिवस बंद दिसलं तर वाजव. जे आपल्याला पुरं करता येत नाही, ते अर्धवटच देवापाशी ठेवायला धीर लागतो. मला तो उशिरा आला, तोही दुसऱ्या कुणी दिला म्हणून.

दाराजवळची खुर्ची रिकामी आहे. माझ्या गुडघ्यांना आता एसटीची पायरी झेपत नाही. ती इंदापूरकडची बाई पुन्हा कधी भेटली नाही. मुक्ता, तुझं मोरगावचं दर्शन मात्र अजून बाकी आहे.