भाऊबीजेनंतर कोसळणारी रेघ

घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात एसी इतका जोरात असतो की आम्ही स्वेटर घालून दुष्काळी तालुक्यांकडे बघत बसतो. उपग्रह दर काही दिवसांनी वरून फोटो काढतो. त्यातली हिरवाई मोजायची आणि कुठली जमीन धडधाकट, कुठली आजारी, ते नकाशावर रंगवायचं. हिरवा म्हणजे बरी, लाल म्हणजे गेली. काम सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं तिथेच माणूस तोंडघशी पडतो.

त्या उन्हाळ्यात माणदेशातला एक माळ लाल रंगला. ते एका गावाचं राखीव कुरण होतं. पावसाळ्यात आलेखावर त्याच्या हिरवाईची रेघ छान चढायची आणि पावसाळा सरल्यावर दरवर्षी एकदम कोसळायची. शेजारचा वेड्या बाभळींचा पट्टा मात्र बारा महिने हिरवा, म्हणून तो पहिल्या नंबराने पास, मग त्याच्याखाली गवताची काडीही उगवत नसली तरी. हा नकाशा सरकारी खात्याकडे जाणार होता, आणि लाल जमिनीवर ते जेसीबीने चर खणून रोपं लावणार होते. कुरण एकदा खणलं की संपलं. मला ते सहन होईना.

"साहेब, गवत वाळताना रेघ हळूहळू उतरते. ही एकदम पडतेय," मी म्हटलं.

"तेच तर, मॅडम. जमिनीत दम नाही. या आठवड्यात फायनल पाठवायचंय."

साहेब भला माणूस, पण गवत त्यांनी फक्त सोसायटीच्या लॉनवर पाहिलेलं. तशी मीही डोंबिवलीत वाढलेली, त्यामुळे फार मिजास करण्यात अर्थ नाही. पण माझे बाबा माणदेशातले.

रविवारी माहेरी गेले. बाबा लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होते. लॅपटॉप त्यांच्यासमोर धरून मी विचारलं, "असं कुरण एकदम जातं कसं?"

"जातं कुठे? कापतात. आमच्या गावाला भाऊबीज झाल्याशिवाय कुरणात विळा न्यायचा नाही. गवताचं बी पडायला हवं ना. तोवर कुणाची शेळी शिरली तरी भांडणं. भाऊबीज झाली की अख्खा गाव उतरतो."

"ते तुमच्या गावी. या गावाचं काय?"

"ते मला काय ठाऊक? शिकवलंय कशाला तुला?"

आई पलीकडे माझ्या नवऱ्याला अधिक महिन्याचं वाण द्यायचं म्हणून अनारशांचं पीठ चाळत होती. म्हणाली, "यंदा अधिक आलाय, दिवाळी लांबणार गं."

मी ताडकन उठले. दिवाळी तिथीने येते, अधिक महिना आला की लांबते. दुष्काळाला काही पंचांग कळत नाही. तिथेच बसून मी मागच्या सगळ्या वर्षांच्या रेघेवर भाऊबीजेच्या तारखा ठेवल्या. रेघ प्रत्येक वेळी भाऊबीज उलटल्यावरच पडत होती. मागच्या अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळी उशिरा आली, तर रेघही मुकाट्याने थांबली होती. आनंदाने मी टेबलावर हात आपटला. आईला वाटलं, झुरळ मारलं.

सोमवारी ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून मनातल्या मनात साहेबांशी शंभर वेळा भांडून घेतलं. प्रत्यक्षात ते शांतपणे सगळं बघत राहिले.

"योगायोग असेल."

"दरवर्षी? आणि पुढच्या पावसात परत तेवढीच चढते, साहेब. आजारी माणूस असा उठतो?"

त्यांनी थेट त्या गावच्या सरपंचबाईंना फोन लावला, स्पीकरवर. कुरणातलं गवत कधी कापता, एवढंच विचारलं.

"भाऊबीज झाल्यावर," बाई म्हणाल्या. "का वं, काय झालं?"

"काही नाही, ताई. उत्तम आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो लाल रंग काढला. वेड्या बाभळींचा पहिला नंबरही काढून घेतला. मी जिंकले होते, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी उगाच पाणी प्यायला गेले.

दिवाळी लांबली तशी आम्ही वाट बघत बसलो. भाऊबीजेनंतरचा फोटो आला त्या दिवशी मी नौपाड्यातून पेढे घेऊनच ऑफिसला गेले. माळावर एकही चर नव्हता. साहेबांनी स्क्रीनवरची रेघ बघितली, "कोसळली एकदाची," म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला.