भोंगेकाकांचं टेबल

नव्या जागी बसलं की भोंगेकाका आधी काम करत नसत, आधी जागा आपलीशी करत. खुर्चीवर उशी, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, डावीकडे टाचण्यांची डबी. सांवेर रोडवरच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात त्यांना पहिल्यांदा कॉम्प्युटर मिळाला, तेव्हाही तेच झालं. मी भंवरकुआंच्या क्लासमधून कोर्स करून नुकतीच तिथे चिकटले होते आणि काकांना शिकवणं हे माझं पहिलं काम होतं. मी पत्र टाइप कसं करायचं ते सांगायला लागले, तर काका पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ते मग, बेटा. पहले हे सांग, वरती इतकी बटनं काय करून राहिली आहेत?"

काका आधी शहरातल्या एका कापडमिलमध्ये हेडक्लार्क होते. मिल बंद पडली ती अशी, की एका सकाळी गेले तर गेटला कुलूप. उशी, चष्म्याचं घर, कपबशी, सगळं आतच राहिलं. "आखरी दिवशी भोंगा पण नाही वाजला," ते सांगत. "नोकरी सुटली, पण शिफ्ट काही सुटलीच नाही." हे ते हसत हसत सांगत, त्यामुळे ऐकणाराही हसत असे.

तर ती बटनं. मी दाखवलं की नको असलेलं बटन आल्ट दाबून खाली ओढलं की जातं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी दुपारपर्यंत निम्मी पट्टी साफ केली. "जे बटन कधी दाबलंच नाही ते पाहुणं. चाय पाजा आणि रवाना करा." छापायचं बटन मात्र त्यांनी अगदी डावीकडे आणून ठेवलं, टाचण्यांच्या बाजूला. पांढऱ्या पडद्याने डोळे दुखतात म्हणून तो फिका हिरवा केला, अक्षर मोठं केलं. पत्राच्या शेवटचा नम्र मजकूर दोन अक्षरं टाइप करताच आपोआप उमटेल अशी सोय माझ्याकडून करून घेतली. दिवे कधी जातील याचा भरवसा नव्हता, म्हणून दर पाच मिनिटांनी काम आपोआप जतन होईल असंही लावून घेतलं. हे सगळं झाल्यावर काका झपाझप पत्रं काढू लागले, आणि मी आमच्या मालकांसमोर, सेठजींसमोर, उगाच कॉलर ताठ करून फिरू लागले.

मग मी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये ठरल्या वेळी वाजणारी आठवणीची घंटीसुद्धा बदलता येते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकांनी माइकसमोर दोन्ही हातांचा कर्णा केला, छाती भरून श्वास घेतला आणि हुबेहूब मिलचा भोंगा काढला. तीन वाजता डाकेची पत्रं द्यायची असत, म्हणून तो तीनला लावला आणि स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला.

तीन ही मिलची शिफ्ट सुटायची वेळ. आमच्या केबिनबाहेर पॅकिंगला बसणारे सगळे जुने मिलवाले. भोंगा झाला तसे ते उठले, हात पुसले, डबे उचलले आणि सरळ गेटकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि मग शेडभर जे हसू उसळलं ते काही केल्या थांबेना. त्या दिवसापासून काकांचं आडनाव सगळे विसरले, ते भोंगेकाकाच झाले.

सेठजी मात्र हसले नाहीत. "ये मिल है क्या? डिब्बे में जैसा आया था वैसा करो! नहीं जमता तो घर बैठो." माझी पाचावर धारण बसली. मी सगळं पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी काका डोळे चोळत एकेक बटन शोधत बसले. दुपारपर्यंत जेमतेम एक पत्र निघालं. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. शेवटी ते उठले, सेठजींच्या दारात उभे राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, "सेठजी, एक बात पूछूँ? आपकी कुर्सी पूरब की तरफ किसने घुमाई?"

सेठजींनी ती स्वतःच, वास्तुवाल्याला बोलावून, फिरवून घेतली होती. त्यांनी एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भोंपू छोड़ के बाकी सब कर लो."

पुढे बरीच वर्षं काका त्या हिरव्या पडद्यासमोर होते. निवृत्तीच्या दिवशी ते सकाळीच आले आणि एकेक गोष्ट उलटी करत बसले. बटनं जागेवर, पडदा पांढरा, अक्षर बारीक. मी म्हटलं, "काका, राहू द्या ना, आम्हाला सवय झालीये." "नको बेटा. येणारा आपलं लावून घेईल. मिलमध्ये टेबल आवरायला भेटलं नाही, इथे तरी भेटू दे." मी उठले आणि सेठजींच्या केबिनमध्ये गेले.

तीनला पाच मिनिटं असताना काका उशी पिशवीत घालून बसले होते. तीन वाजले आणि माझ्या कॉम्प्युटरमधून त्यांचाच, मी इतकी वर्षं जपून ठेवलेला भोंगा वाजला, पूर्ण आवाजात. बाहेर पॅकिंगवाले उठले, हात पुसून ओळीने गेटपाशी जाऊन उभे राहिले. सेठजी दारात येऊन घड्याळाकडे बघत म्हणाले, "जाओ काका, शिफ्ट छूट गई."

काकांनी टेबलाला हात लावून नमस्कार केला, तांब्या उचलला आणि ते गेटबाहेर पडले.